‘फक्त बीअरच घेतो’: दारूचा प्रकार आणि माणसाचा मूड

पुण्यात या विषयावर बोलायला उभे राहिलो, की एक प्रश्न आम्हाला हमखास येतो. ‘मुलगा फक्त बीअरच घेतो, ती हलकी ना?’ त्यामागची समजूत अशी, की वाइनने माणूस निवांत होतो, बीअरने गप्पिष्ट आणि रम-व्हिस्कीने भांडखोर.

ही समजूत अगदीच हवेतली नाही. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २१ देशांतल्या सुमारे ३०,००० तरुणांची पाहणी छापून आली. कडक दारूने आक्रमक वाटतं, असं जवळपास ३० टक्के लोकांनी सांगितलं. रेड वाइनबाबत हे प्रमाण ३ टक्क्यांच्याही खाली होतं. पण हे ज्याचं त्याने सांगितलेलं. आणि वाइन बहुतेक वेळा जेवणाबरोबर घोट घोट घेतात, शॉट्स मात्र मध्यरात्री, पैजा लावून. मग फरक बाटलीचा की बैठकीचा?

रसायन बघा. नशा आणतं ते इथेनॉल, आणि ते सगळीकडे एकच. द्राक्षाचं, मोहाचं की गोव्याच्या काजूचं, हे मेंदूला कळत नाही. त्याला कळतो तो वेग आणि प्रमाण. रक्तातलं इथेनॉल चढत असताना माणूस बोलका, धीट होतो, उतरताना मरगळतो. उपाशीपोटी भराभर घेतलेली कडक दारू झपकन चढते, जेवणाबरोबरची सावकाश.

आता प्रमाणाचा हिशेब. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बीअर म्हणजे ५२ मिली इथेनॉल. ६० मिलीचा लार्ज पेग, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम २६ मिली. थोडक्यात, बीअरची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन लार्ज! ‘फक्त बीअर’मधला ‘फक्त’ तिथेच संपला.

उरलं मन. १९७५ साली अमेरिकेत लँग, मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी काही पुरुषांना व्होडका-टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. आणि दोन्ही गटांतल्या निम्म्यांना उलटंच सांगितलं. जास्त आक्रमक वागले ते ‘आपण दारू प्यायलोय’ असं मानणारे, मग पेल्यात काहीही असो. इथेनॉल लगाम सैल करतं, त्याला निर्दोष ठरवायचं कारण नाही. पण सुटलेला घोडा कुठे धावणार, यात आपल्या अपेक्षांचाही वाटा असतो. म्हणून ‘हे वाईट नाहीत हो, ती व्हिस्की वाईट’ ही घराघरातली सबब आम्हाला लंगडी वाटते. ती सांगणारी बाई बहुधा मार खाल्लेली असते, म्हणून जास्तच.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. डॉक्टर ती वापरतात. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, तुमच्या पिण्याने कुणाला इजा झाली का, असं ती विचारते. कोणती दारू पिता, हा प्रश्न तिच्यात नाही.