ग्यॉंगबोकगुंग : सेऊलचा राजवाडा

कोरियातील सेऊल शहरी, बुगाक डोंगराच्या पायथ्याशी, ग्यॉंगबोकगुंग हा चोसॉन घराण्याचा आद्य राजवाडा आहे. मूळपुरुष राजा तेजो याने तो १३९५ साली बांधविला. त्याचे नामकरण करणारा विद्वान प्रधान चॉंग दोजॉन हा तीनच वर्षांनी गादीच्या कलहात मारला गेला. त्या काळचे लाकूडकाम मात्र प्रवाशाला येथे पाहावयास मिळत नाही. १५९२ च्या जपानी स्वारीत वाडा जळाला आणि पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षे ती जागा ओसाड राहिली.

१८६५ साली बालराजा गोजोंग याचे वडील देवॉनगुन यांनी राजघराण्याचा दरारा पुन्हा बसविण्यासाठी वाडा नव्याने बांधावयास काढला. खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा ‘स्वेच्छेची देणगी’ या नावाखाली रयतेकडून द्रव्य उकळण्यात आले, राजधानीच्या वेशींवर कर बसला, आणि १८६६ साली शंभराच्या दर्शनी मोलाचे एक नाणे पाडण्यात आले. त्यातील धातूची किंमत त्या मोलाच्या जवळपासही नव्हती. साहजिकच महागाई भडकली आणि गरिबाचा भात महागला. हुकूम देणाऱ्याच्या तोंडी ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे ज्यांच्या पूर्वजांनी कराराच्या कागदावर अंगठे उठविले, त्यांस निराळे सांगावयास नको.

एवढ्या कष्टांनी जे उभे राहिले ते सुंदर आहे, हेही कबूल केले पाहिजे. गुनजॉंगजॉन हा सिंहासनाचा महाल दगडी चौथऱ्यांच्या दोन टप्प्यांवर बसविला आहे. पुढील अंगणात दरबाऱ्यांच्या पदांचे खुणेचे दगड दुतर्फा रोवलेले आहेत : पूर्वेस मुलकी अधिकारी, पश्चिमेस लष्करी. फरशी मुद्दाम खडबडीत ठेवली आहे. तेथून पश्चिमेकडे वळले की तळ्यातील ग्यॉंगह्वेरू हा मेजवानीचा मंडप दिसतो. अठ्ठेचाळीस दगडी खांबांवर तो तोललेला आहे; बाहेरचे चौकोनी, आतले गोल. प्रवाशाने घाई न करता तळ्याच्या काठी बसावे. वाऱ्याने पाणी हलले की सारा मंडपही हलू लागतो. हे दोन्ही महाल १८६७ चेच आहेत.

बाकीच्या वाड्याचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. १८९५ साली येथेच जपान्यांच्या कटात राणी म्यॉंगसॉंगची हत्या झाली. १९१० साली देश जपानच्या ताब्यात गेला. मग महालामागून महाल पाडले गेले, राणीच्या निवासाचे लाकूड दुसऱ्या राजवाड्याच्या दुरुस्तीला नेले गेले, आणि १९२६ साली सिंहासनमहालाच्या अगदी पुढ्यात परकीय सरकारची अवाढव्य दगडी कचेरी उभी राहिली. ग्वांगह्वामुन हा मुख्य दरवाजाही उचलून एका बाजूस टाकला गेला. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे ती कचेरी तशीच होती. पाडावी की इतिहासाची साक्ष म्हणून राखावी, यावर मोठा वाद झाला. अखेर १९९५ साली ती पाडण्यास प्रारंभ झाला.

तेव्हापासून महाल एकेक करून पुन्हा बांधले जात आहेत. ग्वांगह्वामुन २०१० साली लाकडात पुन्हा उभा राहिला. मंगळवार हा सुटीचा दिवस टाळून गेल्यास, आणि कोरियन पेहराव केल्यास, प्रवेशशुल्कही पडत नाही. म्हणून अंगणात रंगीबेरंगी घागऱ्यांची गर्दी असते. दरवाजापुढचा दगडी चौथरा २०२३ साली पुन्हा घडविण्यात आला. त्यासाठी रस्ता खणला, तेव्हा वसाहतकाळी टाकलेले ट्रामचे रूळ खाली निघाले. चौथऱ्याचे काही जुने दगड शहराबाहेर राजसमाधींच्या आवारात पडून होते. तेथून आणून ते नव्या दगडांत मिसळून बसविले आहेत.