अराफातची दुपार

हजच्या साऱ्या विधींत सर्वांत मोठा मानला जातो तो नुसता थांबण्याचा. जिल्हेज महिन्याच्या नवव्या तारखेला दुपार कलल्यापासून सूर्य मावळेपर्यंत यात्रेकरू मक्केच्या आग्नेयेला सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या अराफातच्या मैदानात राहतात. तिथे प्रदक्षिणा नाही, कुर्बानी नाही, दर्शन घ्यावे असे गर्भगृह नाही. एक छोटी खडकाळ टेकडी आहे, जबल-ए-रहमत, म्हणजे दयेचा डोंगर. पण तिच्यावर चढण्याचीही सक्ती नाही. माणसाने तिथे असायचे आणि दुआ मागायची. या थांबण्याला वुकूफ म्हणतात. हजमधले इतर कित्येक विधी चुकले तर जनावराची कुर्बानी देऊन भरपाई करता येते. वुकूफ हुकला तर त्या वर्षीचा हज झालाच नाही. पंढरीला गाभाऱ्यापर्यंत न पोचता कळसाला हात जोडून समाधानाने परतणारा वारकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना केवळ तिथे असण्याचे हे मोल कळायला जड जाऊ नये.

संयुक्त अरब अमिरातीत हा दिवस सरकारी सुट्टीचा असतो. दुबईच्या जबल अली भागातल्या डिस्कव्हरी गार्डन्ससारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘अराफा’ हा शब्द बहुधा सुट्ट्यांच्या यादीतूनच ओळखीचा होतो. ईदला जोडून आलेली सुट्टी म्हणून ती घेतलीही जाते. पण तिच्यामागे हजचा सगळा अर्थ उभा आहे.

हा अर्थ घरातून निघतानाच सुरू होतो. निघण्याआधी यात्रेकरूने कर्ज फेडायचे, कुणाची अमानत असेल तर परत करायची, कुटुंबाच्या पोटापाण्याची सोय लावायची आणि ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागायची. आपल्याकडे हजला निघालेला माणूस नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणतो, ते यासाठीच. ही भाषा शेवटच्या निरोपाची आहे, आणि पुढे जे घडते ते तिला धरूनच घडते. मक्केच्या चहूकडे मीकात नावाच्या सीमा ठरलेल्या आहेत. त्या ओलांडण्याआधी एहराम बांधावा लागतो. मुंबईहून जहाजाने जाणारे यात्रेकरू यलमलमच्या टापूत तो बांधत. ही जलयात्रा १९९५ पर्यंत चालू होती. दुबईकडून जाणाऱ्यांचा मीकात ताइफजवळचा कर्न-अल-मनाझिल. पुरुषांसाठी एहराम म्हणजे न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे. स्त्रियांना नेहमीचा साधा पोशाख चालतो. एकदा एहराम बांधला की अत्तर नाही, नखे-केस कापणे नाही, शिकार नाही, भांडणतंटा नाही. या वस्त्रांकडे पाहून कफन आठवते आणि आठवावे असाच त्यांचा हेतू सांगितला जातो. व्यापारी, शेतमजूर, मंत्री हे कपड्यांवरून ओळखू येईनासे होतात. मग ‘लब्बैक’चा घोष सुरू होतो. बोलावणे आले आणि मी हजर आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

अराफात हे या हजेरीचे टोक आहे. कयामतच्या दिवशी सारी माणसे उघड्या मैदानात ईश्वरासमोर उभी राहतील, या श्रद्धेची ती जिवंतपणी केलेली तालीम समजली जाते. या मैदानाला आणखी एक इतिहास आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. इस्लामपूर्व काळात मक्केचे कुरैश स्वतःला काबागृहाचे खास मानकरी समजत. बाकीचे लोक अराफातला जात, हे मात्र हरमच्या, म्हणजे मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या हद्दीतच, मुझदलिफाला थांबत. सगळे लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, अशी आज्ञा कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात आली आणि हा मान संपला. स्वतः कुरैश असलेले पैगंबर मुहम्मद इ.स. ६३२ मध्ये आपल्या एकमेव हजच्या वेळी अराफातलाच उभे राहिले. तिथल्या प्रवचनात त्यांनी एकमेकांचे रक्त आणि मालमत्ता पवित्र असल्याचे सांगितले, जुनी खूनवैरे आणि व्याजाची येणी रद्द केली. रद्द करण्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घराण्यापासून केली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

काबागृहाभोवतीचा सात फेऱ्यांचा तवाफ सर्वांना माहीत असतो. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात येरझारांचे, म्हणजे सईचे मर्म मात्र थांबून पाहावे असे आहे. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत त्याची आई हाजरा इथे धावल्या, अशी श्रद्धा आहे. शेवटी पाणी, म्हणजे झमझम, सापडले ते बाळाच्या पायाशी. त्या धावल्या तिथे नव्हे. तरीही स्मरणात राहिले ते धावणे. एका दासी स्त्रीची, एकट्या आईची ही तगमग पुढे प्रत्येक यात्रेकरूने, राजानेसुद्धा, स्वतःच्या पायांनी गिरवायची असते. अराफातनंतर मुझदलिफाची उघड्यावरची रात्र, मिना येथे सैतानाच्या प्रतीकांना खडे मारणे, कुर्बानी आणि केस उतरवणे हे विधी येतात. कुर्बानीबद्दल कुराणच सांगते की मांस आणि रक्त ईश्वरापर्यंत पोचत नाही, पोचते ती मनातली निष्ठा.

डिस्कव्हरी गार्डन्सजवळच्या मोठ्या मॉलला इब्न बतूताचे नाव आहे. तो जगप्रवासी म्हणून प्रसिद्ध आहे, पण १३२५ मध्ये २१ वर्षांचा असताना तो टँजिअरहून निघाला होता हजसाठी. सोबतीला कुणी नाही, आईवडील मागे राहिलेले. ट्यूनिसला पोचल्यावर काफिल्यातल्या इतरांचे लोकांनी स्वागत केले. त्याला मात्र कुणी ओळखणारे नव्हते, तेव्हा आपल्याला रडू आवरले नाही असे त्याने नोंदवून ठेवले आहे. एका सहयात्रेकरूने जवळ येऊन त्याला धीर दिला. पुढच्या वर्षी त्याचा पहिला हज झाला. नंतर दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला असताना तो दौलताबादला आणि नंदुरबारला येऊन गेला आणि मराठी माणसांबद्दल त्याने लिहिलेही. तो १३४९ मध्ये घरच्या वाटेला लागला, तेव्हा आई प्लेगने गेल्याचे त्याला कळले. वडील तर त्याआधीच वारले होते. निघताना घेतलेला निरोप खरोखरच शेवटचा ठरला होता.

इतके सोसूनही हज नुसता पायांचाच राहू शकतो, हे सूफींनी बजावले आहे. अकराव्या शतकातल्या हुज्वीरींच्या ‘कश्फ-उल-महजूब’मध्ये बगदादच्या जुनैद यांची एक कथा आहे. हजहून आलेल्या माणसाला ते एकेक विचारत जातात. घर सोडताना पापेही सोडलीस का? कपडे उतरवलेस तेव्हा वाईट सवयी उतरल्या का? अराफातला उभा राहिलास तेव्हा ईश्वराचे चिंतन क्षणभर तरी घडले का? प्रत्येक वेळी उत्तर नकाराचे येते आणि जुनैद त्याला पुन्हा हजला जायला सांगतात.

ज्यांची ऐपत नाही किंवा प्रकृती साथ देत नाही त्यांच्यावर हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. अराफातच्या दिवशी घरी असलेल्यांसाठी रोजा मोठ्या पुण्याचा मानला जातो. मैदानात उभ्या असलेल्यांना मात्र त्या दिवशी रोजा न ठेवण्यास सांगितले आहे. अमिरातीत अराफा दिन आणि ईद सहसा सौदी अरेबियाबरोबरच येतात, महाराष्ट्रात चंद्रदर्शनाप्रमाणे बहुधा एक दिवस उशिरा. त्यामुळे दुबईतल्या एखाद्या कोकणी मुसलमान घरात रोजा सोडला जात असतो तेव्हा अराफातवरही सूर्य मावळतीला आलेला असतो, आणि रत्नागिरीतल्या घरी तोच रोजा दुसऱ्या दिवशी धरला जातो.