शेवटचा कोस

महागांव तालुक्यांतील आमचें घर गांवाबाहेर शेतांत आहे. सूनबाईंची नोकरी पुण्याची, परंतु काम घरीं बसून करण्याजोगें. इंटरनेट नीट मिळालें तर कुटुंब एकत्र राहील, न मिळालें तर चिरंजीव बिऱ्हाड पुण्यास हलविणार, असा प्रसंग आला.

केंद्र सरकारनें २०११ सालीं सुमारें २.५ लक्ष ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरनें जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून तीस 'भारतनेट' म्हणतात. फायबर म्हणजे कांचेचा तंतु. त्यांतून संदेश प्रकाशरूपानें धांवतात. परंतु तंतु ग्रामपंचायतींत पोंचला म्हणजे घरीं गंगा आली, असें नव्हे. कालव्याचें पाणी शेतांत यावयास पाट लागतोच. तद्वत् येथेंही शेवटचा कोस उरतो. तो आम्हांस मोबाईलच्या लहरींवरच ओलांडावा लागला.

प्रथम आम्हीं घाईनें महागडा राउटर आणून कपाटावर ठेविला. पैसे गेले, काम होईना! दोष यंत्राचा नव्हता, जागेचा होता. टेंकडी, दाट झाडें व जाड भिंती यांनीं लहरी क्षीण होतात. मग नातवानें फोन घेऊन गच्चीचा कोपरान्कोपरा तपासला. जेथें सिग्नल सर्वांत सबळ, तेथें उंच खांबावर टॉवरकडे तोंड करून अँटेना बसविला व तार राउटरास जोडली. काम भागलें.

तात्पर्य, आधीं मोजमाप, मग खरेदी. आतां सूनबाई तुळशीस पाणी घालून पुण्याच्या कचेरींत 'जातात'. जेवावयास मात्र आमच्याच पंक्तीस असतात.