ओरखडा जातो कुठे?

आधी एक कबुली देऊन टाकतो. आमच्या गाडीच्या दारावर, बरोबर उंचवट्याच्या रेघेवर, कुणाच्या तरी सायकलचं हँडल घासलं आणि वीतभर ओरखडा उठला. मी रबिंग कंपाउंडचा डबा आणला आणि फडक्याने लागलो घासायला. ओरखडा फिका झाला, पण पुरता जाईना. मग मीही हट्टाला पेटलो! ड्रिल मशिनला पॉलिशचं पॅड लावलं. ओरखडा गेला, पण त्याच्या जागी तळहाताएवढा निस्तेज डाग उमटला. गॅरेजवाले काका म्हणाले, “साहेब, ओरखडा परवडला असता. आता अख्खं दार रंगवावं लागणार.”

असं का झालं? आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक! उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग तोच सांभाळतो.

आता खरी गंमत ऐका. कंपाउंडने घासलं की ओरखडा भरून येतो, असं तुम्हाला वाटतं ना? छे! शेतात चर पडला आणि बुजवायला मातीच नाही, म्हणून भोवतालचं सगळं शेत खरवडून चराच्या तळापर्यंत खाली आणलं, तर? इथे तसंच होतं. चर जितका खोल, तितकं शेत जास्त जातं. आणि उंचवट्याच्या रेघेवर मशिनचा सगळा दाब चिंचोळ्या पट्टीवर येतो, तिथे तर क्लिअर कोट बघता बघता संपतो.

मग थांबायचं केव्हा? जागा धुऊन, पुसून ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं, तर तो पुरता घालवायच्या भानगडीत पडू नये. हलकं पॉलिश करावं. धारदार कडा बोथट झाल्या की ओरखडा उन्हात तेवढा चमकत नाही, दोन पावलं मागे गेलं की फारसा दिसतही नाही. पत्राच दिसत असेल तर मात्र घासणं सोडून टच-अपचा रंग लावायचा, नाहीतर गंज धरतो.

गेल्या पावसाळ्यात बॉनेटवर फांदी पडून नवा ओरखडा उठला. नख अडकतं. तो अजून तिथेच आहे. ड्रिल मशिन मात्र घरच्यांनी शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलंय!