दातांच्या तारेचे पथ्य

आमच्या शाळेतील काही मुलामुलींच्या दातांवर हल्ली तार दिसते. वाकडे दात सरळ करणारी ही तार पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. परंतु ती असता खावे काय व दात स्वच्छ राखावे कसे, याविषयी हयगय होते. म्हणून हे चार शब्द.

तारेच्या मंद पण अखंड दाबाने दात ज्या बाजूस सरकतो, तिकडील हाड विरते व मागील जागी नवे भरून येते. या सावकाशीच्या कामास बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. पूर्वी दातांस धातूचे पट्टे वेढीत असत. १९५५ साली अमेरिकेतील ब्युनोकोर या दंतशास्त्रज्ञाने आम्लाने दाताचे कवच खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटविण्याची युक्ती दाखविली. तिच्यामुळेच आज दातांवर लहान चकत्या चिकटवून त्यांत तार बसविता येते.

परंतु याच चकत्यांच्या कडेस अन्नकण अडकतात. त्यांतील साखरेपासून सूक्ष्म जंतू आम्ल बनवितात व ते कवचातील क्षार हरण करते. कुचराई झाल्यास महिनाभरातच खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. तार पुढे निघते; डाग मात्र पुष्कळदा राहतात! मग पालकांनी केलेला खर्च व मुलाने सोसलेले दुःख यांचे चीज काय झाले?

यास्तव चिक्की, फुटाणे, ऊस, कडक चकली वर्ज्य करावी. त्यांनी चकती निखळते व उपचार लांबतो. पेरू दाताने न तोडता बारीक फोडी करून खावा. भाकरी आमटीत कुस्करावी. तार आवळल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात. तेव्हा मऊ भात, खिचडी, केळे, दही बरे. गोड खाणे झालेच तर जेवणाबरोबर व्हावे. दिवसभर गोळ्या चघळणे सर्वांत घातक.

प्रत्येक जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. सकाळी व निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन मऊ ब्रश तिरपा धरावा. प्रथम तारेच्या वरून, मग खालून, हिरडीच्या कडेपर्यंत फिरवावा. तारेखाली जाणारा बारीक ब्रश मिळतो, तोही वापरावा. राखुंडी व मिश्री दूर ठेवाव्या. तार टोचल्यास तिजवर दंतवैद्याने दिलेले मेण लावावे. स्वतः ती वाकवू नये.

विद्यार्थिमित्रहो, दात सरळ करणे वैद्याच्या हाती आहे. ते निर्मळ राखणे तुमच्याच. शरीर ही ईश्वराने आपणांपाशी सोपविलेली ठेव होय. अल्प गोष्टींत जो विश्वासू, तोच खरा कारभारी. आणि रात्री झोप अनावर झाली असताही ब्रश हाती घेणे, ही अशीच एक अल्प गोष्ट आहे.