डब्लिनच्या नाटकघरातला दंगा

नाटकातल्या एका शब्दावरून प्रेक्षागृहात दंगल झाली, असे कुणी सांगितले तर तुम्हाला हसू येईल. पण २६ जानेवारी १९०७ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरात नेमके हेच घडले. शब्द होता स्त्रीच्या आतल्या कपड्याचा. नाटक 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड', लेखक जॉन मिलिंग्टन सिंग. (हे सिंग आपल्या पंजाबकडचे नव्हेत, बरं का!)

शब्द हे निमित्त. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होते. इंग्रजी रंगभूमीवरचा आयरिश माणूस म्हणजे दारुडा, बडबड्या विदूषक. त्याला उत्तर म्हणून देशभक्तांना हवा होता सोज्वळ, सात्त्विक शेतकरी. आणि सिंगने दाखवले काय? मेयो परगण्यातल्या एका गुत्त्यात एक भेदरलेला पोरगा येतो, बापाला फावड्याने ठार केले म्हणतो, आणि गाव त्याला डोक्यावर घेते! पोरी त्याच्यासाठी अंडी, लोणी, कोंबडी घेऊन येतात. पुढे बाप डोक्याला फडके बांधून जिवंत हजर. पोरगा सर्वांदेखत पुन्हा फावडे हाणतो, तेव्हा मात्र तेच गाव त्याला दोरीने बांधते. ऐकीव पराक्रम गोड, डोळ्यांसमोरचा नको.

गंमत म्हणजे अशीच गोष्ट सिंगने ॲरन बेटांवर एका म्हाताऱ्याकडून ऐकली होती. तिथले लोक आयरिश बोलत. त्या भाषेचे वळण त्याने आपल्या इंग्रजीत आणले. ज्याच्यावर देशाची बदनामी केल्याचा आरोप झाला, त्याचेच नाटक मला तरी अधिक आयरिश वाटते. मात्र प्रेक्षकांचा राग अगदीच पोकळ नव्हता. प्रयोग चालू राहावेत म्हणून थिएटरवाल्यांनी पोलीस आणले, आणि पोलीस कुणाचे? इंग्रज सरकारचे!

१९२२ साली आयरिश फ्री स्टेट स्थापन झाले. त्याच वर्षी जेम्स जॉइसची 'युलिसिस' पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक लिओपोल्ड ब्लूम हा हंगेरीतून आलेल्या ज्यू बापाचा मुलगा. दारूच्या दुकानात त्याला कुणीतरी विचारते, तुझे राष्ट्र कोणते? तो सांगतो, आयर्लंड. इथेच तर जन्मलो. हे ऐकून तिथला एक कडवा देशाभिमानी थुंकतो, आणि पुढे भांडण पेटल्यावर ब्लूमच्या मागे बिस्किटांचा डबा भिरकावतो. डबा काही लागत नाही. फेकणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आलेले असते.