दोन भाषांचे प्राक्तन : एस्टोनियन आणि आयरिश

युरोपच्या दोन टोकांना, एक बाल्टिक समुद्राच्या काठी आणि दुसरी अटलांटिक महासागराच्या कुशीत, अशा दोन भाषा नांदत आहेत, की ज्यांच्या भाषकांनी शतकानुशतके परक्यांचा अंमल सोसला, एकोणिसाव्या शतकात ज्यांना निष्ठावंत पुरस्कर्ते लाभले आणि १९१८ ते १९२२ या अवघ्या चार वर्षांच्या अवधीत ज्यांच्या वाट्याला स्वतःचे राज्य आले. तथापि आज सुमारे तेरा लाख वस्तीच्या एस्टोनियात न्यायालयापासून विद्यापीठापर्यंतचा सर्व कारभार एस्टोनियनमधून चालतो. उलट आयर्लंडमध्ये २०२२च्या शिरगणतीत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले, तरी शाळेबाहेर ती नित्य बोलणारे अवघे ७१,९६८ भरले. इतके साम्य असता फलश्रुतीत इतके अंतर का पडावे, हा प्रश्न भाषेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी घोळवावा असा आहे.

याचे कारण भाषांच्या अंगभूत काठिण्यात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. आयरिश ही आपल्या मराठीप्रमाणेच इंडो-युरोपीय कुळातील, पण तिच्यात क्रियापद वाक्याच्या आरंभी येते आणि शब्दाचे पहिले व्यंजनच संबंधानुसार पालटते : ‘बाद’ म्हणजे होडी, ‘त्याची होडी’ म्हणताना त्या ‘ब’चा ‘व’ होतो, ‘तिची होडी’ म्हणताना ‘ब’ तसाच राहतो आणि ‘त्यांची होडी’ म्हणताना त्याच्या जागी ‘म’ ऐकू येतो. एस्टोनियन त्या कुळाबाहेरची, फिनिशची सख्खी व हंगेरियनची दूरची नातलग. तिच्यात लिंगभेद मुळीच नाही, पण विभक्ती चौदा आहेत. आणि आपण ऱ्हस्व व दीर्घ अशा दोनच मात्रा मानतो, तेथे ती तीन मानते. ‘शहराचा’ आणि ‘शहरात’ जाणे, हे दोन्ही अर्थ एकाच रीतीने लिहिलेल्या शब्दातून, केवळ उच्चाराच्या लांबीवरून, ओळखावे लागतात. प्राचीनतेचे माप लावले तर पारडे आयरिशकडेच झुकेल. कारण चौथ्या-पाचव्या शतकांतील ओगम लिपीचे शिलालेख तिच्या पदरी आहेत, आणि एस्टोनियनच्या छापील ग्रंथांपैकी आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने अवशेष १५३५ सालचे आहेत.

खरे कारण रयतेच्या इतिहासात आहे. तेराव्या शतकात जर्मन सरदारांनी एस्टोनिया जिंकला आणि जमीन, शहरे व धर्मपीठे यांवरील त्यांचा दाब राज्यकर्ते बदलले तरी पुढे सहाशे वर्षे राहिला. हे जमीनदार आपल्या कुळांना जर्मन करू इच्छीत नव्हते. धनी व चाकर यांच्यामध्ये भाषेची भिंत असणे त्यांना सोयीचेच होते. त्यातून ल्यूथरपंथी धर्मसंस्थेचा दंडक असा, की धर्मदीक्षेपूर्वी प्रत्येकास वाचता आले पाहिजे, आणि तेही स्वभाषेतून. १६८४मध्ये फोर्सेलियसने टार्टूजवळ शेतकऱ्यांच्या मुलांतून शिक्षक तयार करण्याची शाळा काढली. १७३९मध्ये संपूर्ण बायबल छापले गेले. घरोघरी आयांनी मुलांना अक्षरे शिकवली. म्हणून १८१६ व १८१९ साली भूदास्य संपले, तेव्हा मुक्त झालेला शेतकरी दरिद्री होता, पण निरक्षर नव्हता. १८५७पासून यानसेनचे वर्तमानपत्र त्याच्या हाती पडू लागले, क्रॉइत्सवाल्डचे ‘कालेविपोएग’ हे महाकाव्य त्याने वाचले, आणि मुक्तीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८६९मध्ये टार्टूला भरलेल्या पहिल्या गीतोत्सवात तो स्वतः गायला उभा राहिला.

आयर्लंडमध्ये घडले ते याच्या नेमके उलट. तेथे भाषेला राजाश्रय होता, पिढीजात कवींची व विधिज्ञांची घराणी होती. पण १६०१मध्ये किन्सेलच्या लढाईत इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर आणि १६०७मध्ये उत्तरेचे सरदार देशांतराला गेल्यानंतर तो आश्रय उन्मळून पडला आणि जमिनी इंग्रज मालकांकडे गेल्या. बायबलाचा आयरिश नवा करार सतराव्या शतकाच्या आरंभी छापला गेला खरा, परंतु तो प्रॉटेस्टंट राज्यकर्त्यांचा म्हणून कॅथॉलिक रयतेने त्याला घरात थारा दिला नाही. त्यामुळे भाषा उरली ती बहुतांशी जिभेवर. १८३१पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळा इंग्रजी माध्यमाच्या होत्या. अनेक गावी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. तो आयरिश बोलला की तिच्यावर एक खाच पाडीत आणि खाचांच्या हिशेबाने त्याला मार देत. सर्वांत वेदनादायक गोष्ट ही, की या व्यवस्थेला आईबापांचीही संमती असे, कारण पोट भरण्याची वाट त्यांना इंग्रजीतूनच दिसत होती. मग १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली, आणखी तितकीच परदेशी गेली, आणि हा घाव आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेकडील गरीब मुलखावर सर्वांत खोल बसला. १८५१च्या शिरगणतीत आयरिशभाषक लोकसंख्येच्या चतुर्थांशाहूनही कमी भरले.



डग्लस हाइड आणि त्याचे सहकारी १८९३मध्ये आयरिशच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापून उभे राहिले, ते या पडझडीनंतर. १९३७च्या संविधानाने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि पुढच्याच वर्षी हाइड राष्ट्राध्यक्ष झाला. परंतु दप्तरे, बाजार आणि बहुसंख्य घरे इंग्रजीच राहिली. एस्टोनियात मात्र १९१९मध्ये टार्टू विद्यापीठ एस्टोनियन झाले, तेव्हा तेथे शिकायला येणाऱ्या तरुणांची घरे आधीच एस्टोनियन होती. भाषासुधारक आविकने नवे शब्द घडविले, ते वापरायला वाचक तयार होते. म्हणूनच सोव्हिएत अंमलात एस्टोनियन वंशीयांचे प्रमाण १९३४मधील सुमारे ८८ टक्क्यांवरून १९८९मध्ये ६१ टक्क्यांच्या घरात उतरले, तरी भाषा मोडली नाही, आणि त्याच वर्षी जानेवारीत तिला कायद्याने राजभाषेचे स्थान परत मिळाले.

यावरून आयरिश भक्तांचे प्रयत्न निष्फळ ठरले असे मी म्हणणार नाही. १९९६पासून तिला स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे आणि शहरांतून आयरिश माध्यमाच्या शाळा आईबापांच्याच आग्रहाने निघत आहेत. ज्या आईबापांच्या संमतीने ती गेली, त्यांच्याच संमतीने ती परत येऊ शकते. राज्याची सनद भाषेला प्रतिष्ठा देते. तिचे आयुष्य मात्र ठरते ते आईबाप मुलाला कोणत्या भाषेत अक्षर आणि उपजीविका शिकवतात यावर. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद मानणाऱ्या आपण सर्वांनी, आपल्या पाल्याला कोणत्या शाळेत घालतो व घरी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, या प्रश्नांची उत्तरे त्या आनंदाइतक्याच गांभीर्याने दिली पाहिजेत.